रिव्हर्सचे दोन ठोके

किंजलची गाडी आळीत शिरली की दिसायच्या आधी ऐकू यायची. इंजिनाची घरघर यायची, मग ती एकदम मऊ व्हायची, टायरखाली रेती करकरायची आणि दाराशी आल्यावर धड् असा आवाज व्हायचा. श्वासभर थांबून आणखी एक, जरा हलका, धड्. समोरच्या पुतळीने ओट्यावर सुकट निवडता निवडता एकदा विचारलंच, "काय गं वेणू, तुझी सून ड्युटीवरून येते का दारात मुसळ आपटते?" आळीत पुतळीचं बोलणं कुणी मनावर घेत नसे, कारण घ्यायचं ठरवलं असतं तर अर्ध्या झाईला गाव सोडावं लागलं असतं. वेणूने मात्र घेतलं. त्या आवाजाची तिला भीती बसली होती.

वेणूचा नवरा भिकू तांडेल त्या वेळी मागच्या पडवीत असायचा, गाडीकडे पाठ करून, मांडीवर जाळं घेऊन. तांडेल म्हणजे होडीचा धनी, सुकाणू आणि इंजिन ज्याच्या हाती तो. भिकू आता नावापुरता तांडेल राहिला होता. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्याचा एकुलता एक मुलगा जिग्नेश काविळीने गेला, आणि भिकूने होडी पुतण्याकडे देऊन टाकली. जाळ्यात भोक सापडलं तर तो सांधायचा, नाही सापडलं तर जाळं तसंच मांडीवर ठेवून बसायचा.

मुलगा गेला तेव्हा भिकू रडला नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, घरात बायका छाती बडवून घेत होत्या तेव्हाही नाही. दगडाचं काळीज आहे, असं लोक म्हणाले. लोकांना काय, तोंडाला कुलूप नसतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसा अख्खा भिकू झाला होता. जेवण गरम आहे की गार, हे त्याला वेणूच्या तोंडाकडे बघून कळायचं.

बापलेकाचं बिनसलं होतं ते होडीवरून. मिसरूड फुटायच्या आधीपासून जिग्नेश बापाच्या होडीवर होता. इंजिनाचा दांडा त्याच्या हातात भिकूनेच दिला होता, आणि शिव्याही पोटभर दिल्या होत्या. पण एका मोसमाच्या शेवटी पोराने उमरगावच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि सांगितलं, मला हे पाणी नको. भिकूने तेव्हा जेटीवर सगळ्या खलाशांसमोर म्हटलं, "जाऊ दे त्याला. त्याच्या हाताला दर्या कधी लागलाच नव्हता." जिग्नेश तिथेच उभा होता. त्यानंतर एका छपराखाली राहून दोघं कामापुरतं बोलत. वीज गेली, भरती कधी आहे, औषध आणलं का, एवढंच.

लग्नानंतर जिग्नेशने मुंबईहून कुणाचीतरी वापरलेली गाडी आणली. बिनक्लचची, गियर आपोआप बदलणारी. आळीतली सगळी पोरं त्यात बसून आली, वेणू महालक्ष्मीला जाऊन आली, पुतळीसुद्धा वाणगावच्या बाजाराला गेली आणि येताना तिने काच खाली करून सगळ्यांना हात केले. भिकू बसला नाही. एकदा जिग्नेशने त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं. भिकू म्हणाला, "मला चालता येतं."

आता ती गाडी किंजल चालवत होती. ती तलासरीच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिच्या ड्युटीच्या वेळा एसटीला मान्य नव्हत्या. गाडी होती म्हणून ती रोज जाऊन येऊन करू शकत होती, आणि जाऊन येऊन करत होती म्हणून ती आणि तिची छोटी मुलगी योगिता झाईच्या घरात होत्या. हे गणित घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी मात्र दिवसेंदिवस बिघडत चालली. निघताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. वेग धरताना ती अडखळायची, बोरीगावच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं आपल्याच नादात असायची.

एका संध्याकाळी किंजलने कपडे घड्या करता करता सांगितलं, "आई, गाडी बंद पडली तर मला तिकडेच खोली घ्यावी लागेल. दवाखान्याच्या मागे स्टाफला देतात. योगिताला तिथल्या शाळेत घालीन." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. तीही त्याच घरातली होती, तिला तरी वेगळं काय होणार?

वेणू मागच्या पडवीत आली. "ऐकलं ना? पोर गेली तर या घरात आपण दोघं. त्यातले तुम्ही असून नसल्यासारखे." भिकूने मान हलवली. योगिता नसलेलं घर त्याने डोळ्यांसमोर आणून बघितलं. हे वाईट आहे, हे त्याला कळत होतं. वाटत नव्हतं.

"उद्या तिच्यासंगती गॅरेजला जा," वेणू म्हणाली. "बाईमाणूस बघितलं की हे मेकॅनिक लोक वाट्टेल ते सांगतात."

"मी गाडीत बसत नाय."

"ज्याच्यावर रुसून बसत नव्हतात, तो गेला," वेणू म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भिकू गाडीत बसला. पट्टा कसा लावायचा ते किंजलने दाखवलं. गाडी हिसका देऊन निघाली, पुढे आणखी एक हिसका बसला, मग सरळ धावू लागली. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या होत्या. भिकू खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे त्याचे डोळे तिकडे होते. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा त्याचं डोकं जरा पुढे गेलं, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

तलासरीला हायवेच्या कडेला नविनचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, तोंडाने फटकळ माणूस. त्या पट्ट्यात आपोआप गियरच्या गाड्या उघडायची हिंमत करणारा तो एकटाच, त्यामुळे त्याचा फटकळपणा लोक निमूट सोसत. त्याने फाटकातच किंजलला उतरवलं, बॉनेट उघडलं, गियरच्या तेलात बुडवलेली पट्टी काढून फडक्यावर पुसली आणि फडकं भिकूच्या नाकाशी धरलं.

"काका, वास घ्या. तेल लालभडक पाहिजे. हे बघा, चहाची पावडर झालीय. जळलंय."

मग तो स्वतः गाडी हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर फिरवून आला. उतरताना म्हणाला, "गियरबॉक्स अजून मेला नाही. पण कोणीतरी त्याला रोज थोडा थोडा मारतंय. मॅडम, तुम्ही चालवता कशी?"

"सावकाश," किंजल म्हणाली. "मी कधी पळवतच नाही."

"पळवून एवढी खराब होत नाही ती. त्या भिंतीजवळ लावून दाखवा."

किंजल गाडीत बसली आणि गॅरेजच्या आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. भिकू पत्र्याच्या शेडखाली उभा होता. तिथून तिने गाडी वळवली आणि भिंतीच्या दिशेने आणली. बऱ्याच लांबून तिने गियर न्यूट्रलला टाकला. इंजिन मऊ झालं. गाडी आपल्याच वेगाने, आवाज न करता तिरकी सरकत येऊ लागली. किंजलने स्टिअरिंग जरासं फिरवलं, गाडीचं तोंड भिंतीपासून बाहेर गेलं, मागचा भाग आत आला, आणि तिने दांडा रिव्हर्सला टेकवला. धड्. पुन्हा न्यूट्रल. श्वासभर थांबली. पुन्हा रिव्हर्स, अगदी हलका. धड्. भिंतीपासून वीतभर अंतरावर गाडी उभी राहिली.

भिकूचा हात शेडच्या खांबाला लागला.

होडीला ब्रेक नसतो. ती थांबवायची तर लांबूनच इंजिन सोडायचं, पाण्यावर वाहत येऊ द्यायची आणि जेटीशी आली की मागचा गियर टाकून तिचा जोर मारायचा. हे झाईतल्या कुणालाही येतं. पण प्रत्येकाचा हात वेगळा. भरतीला खाडीत शिरणारी होडी कोण आणतंय, हे जेटीवर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका तोंड न बघता सांगतात. कुणी एकच मोठा रिव्हर्स मारून इंजिन किंचाळवतो, कुणी आधी आपटतो आणि मग खलाशांवर ओरडतो. भिकू दोन ठोके द्यायचा. पहिल्याने होडीचा जोर काढायचा, मधे तिला श्वास घेऊ द्यायचा, आणि दुसऱ्या हलक्या ठोक्याने तिला जेटीला टेकवायचा. खलाशी चेष्टा करायचे की तांडेल दाराची कडी वाजवून घरात शिरतो. पूर्ण किनाऱ्यावर तसा हात दुसरा नव्हता.

आणि आता उमरगावच्या शिंप्याची ही मुलगी, जी होडीत कधी बसलीही नव्हती, त्याचाच हात घेऊन गाडी भिंतीला लावत होती. गेलं वर्षभर हे दोन ठोके रोज त्याच्या पाठीमागे वाजत होते. त्याने ते ऐकले होते आणि जाळ्यातली भोकं शोधली होती.

नविनने कपाळावर हात मारला. "सापडला खुनी! मॅडम, ही काय होडी आहे का, रिव्हर्स मारून थांबवायला? चाक पुढे फिरतंय आणि तुम्ही त्याला मागे फिरायला सांगताय. आतल्या प्लेटा एकमेकींना खातात. मग हिसके बसणार नाहीत तर काय?"

"मला असंच शिकवलंय," किंजल म्हणाली.

"कोणी?"

तिने भिकूकडे बघितलं. "ह्यांच्या मुलाने."

कोण गेलंय, हे तिच्या मोकळ्या कपाळावरून नविनला कळलं असावं. पुढचं तो जरा हळू बोलला. तेल बदलू, धुऊन घेऊ. पण तेल बदलून सवय बदलत नाही. गाडी थांबवायची ती ब्रेकने. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकायचाच नाही. चाक पूर्ण थांबलं, मनात एक-दोन म्हटलं, की मग दांड्याला हात. सकाळी चालू केल्यावर लगेच पळायचं नाही, थोडं थांबायचं. ॲक्सिलरेटर अंडं ठेवल्यासारखा दाबायचा. "एवढं केलंत तर बॉक्स अजून वर्षानुवर्षं चालेल. नाही केलंत तर पावसाळ्याच्या आत बसेल, आणि हा बॉक्स बसला की मग गाडी भंगारात. मी खोटी आशा देत नाही."

परतीच्या वाटेवर बोरीगावच्या पुढे भिकूने विचारलं, "शिकवताना काय म्हणायचा तो?"

जिग्नेशबद्दल सासऱ्याने काही विचारलेलं किंजलने आजवर ऐकलं नव्हतं. "बोर्डीच्या मैदानावर शिकवायचे. म्हणायचे, ब्रेक दाबून कोणीही थांबवेल. गाडी सोडून द्यायची, तिची ती येते. मग तिला दोनदा सांगायचं, थांब, थांब. मी म्हटलं, हे कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात? तर म्हणाले, आमच्या घरच्या."

भिकूने आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं.

"तो माझा हात हाय," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. मग त्याने तिला सांगितलं. जेटी, बायका, दोन ठोके, खलाशांची चेष्टा. आणि ते जे तो सगळ्यांसमोर बोलला होता, तेही सांगितलं. सांगताना आवाज हलला नाही. हवामानाची बातमी सांगावी तसं त्याने सांगितलं. किंजलने गाडी एका वाडीच्या कुंपणाशी घेतली आणि थांबवली, तीही त्याच सवयीने, धड्, धड्. दोघांनी दचकून एकमेकांकडे बघितलं.

"मग आता मी हे मोडायचं?" ती म्हणाली. "बाबा, त्यांचं माझ्याकडे दुसरं काय राहिलंय? फोटो तर सगळ्यांकडे असतात."

"योगिता हाय," भिकू म्हणाला. "मोडायचं."

बोलायला सोपं होतं. हात कुणाचं ऐकतो? किंजल मनात घोकत यायची आणि वळणावर हात आपला दांड्यावर गेलेला असायचा. दोन दिवस तिने एकटीने करून बघितलं, तिसऱ्या दिवशी भिकू पट्टा लावून शेजारी बसला. त्या दिवसापासून तो रोज तिच्याबरोबर जाऊ लागला. तिची ड्युटी संपेपर्यंत दवाखान्याच्या आवारात सुबाभळीखाली जाळं घेऊन बसायचा. इंजेक्शनला आलेली माणसं विचारायची, "काका, इथे मासे लागतात का?" भिकू म्हणायचा, "बघतोय."

गाडीत त्याचं काम एकच. थांबायची वेळ आली की तो आपला उजवा तळवा गियरच्या दांड्यावर झाकण ठेवल्यासारखा ठेवायचा. किंजलचा हात यायचा, त्याच्या हातावर आपटायचा आणि मागे जायचा.

"आधी ब्रेक."

"हो."

"थांबली? पूर्ण?"

"थांबली."

"आता गियर."

असं रेल्वे फाटकाशी, असं दवाखान्याच्या दारात, असं आळीत. पुतळीने ओट्यावरून विचारलं, "काय तांडेल, म्हातारपणी क्लिनर झालास?" भिकू म्हणाला, "पगार तू दे." पुतळीच्या हातातली सुकट तशीच राहिली, कारण भिकूने तिला उत्तर दिलं, याला दीड वर्ष तरी झालं असेल.

आधी दुसरा ठोका गेला. तो हलका होता, नाजूक होता, आणि तोच खरा भिकूचा होता. एका संध्याकाळी दाराशी गाडी लागली, एकदाच धड् झालं आणि पुढे काही आलंच नाही. भिकू वाट बघत बसला. न येणाऱ्या आवाजाची वाट बघताना त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, गळ्याशी, जागा दाखवता येईल असं. पण ते तितकंच होतं, जेवणापर्यंत ओसरलं. पहिला ठोका चिवट निघाला. तो कधी जायचा, कधी परत यायचा. किंजल घाईत असली, दमलेली असली की हमखास यायचा. अशा वेळी भिकू तिला रागवत नसे. तळवा जरा उशिरा पडला, असं म्हणायचा. तो मुद्दाम उशीर करत होता का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा नविनने पुन्हा पट्टी काढून फडक्यावर पुसली. तेल लाल होतं. त्याने गाडी फिरवून आणली. हिसका नव्हता, अडखळणं नव्हतं, गियर कधी बदलला ते कळतही नव्हतं. "मॅडम, तुमच्या हाताखाली ही आता म्हातारी होऊन मरेल," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात गोड वाक्य असावं. त्याच दुपारी किंजलने दवाखान्यात सांगून टाकलं की मला खोली नको, मी झाईहूनच येईन.

संध्याकाळी दोघं घरी निघाली. आळीत गाडी शिरली. भिकूने आज तळवा दांड्यावर ठेवला नव्हता, दोन्ही हात मांडीवर होते. किंजलने ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी होत गेला, दाराशी ती पूर्ण थांबली, रेतीसुद्धा करकरली नाही. मग तिने गियर पार्कला टाकला आणि हँडब्रेक ओढला. एखाद्या परक्या, नीटनेटक्या माणसाने गाडी लावावी तशी ती लागली.

किंजलने इंजिन बंद केलं नाही. तिचा हात पुन्हा दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, तिने ते पुसलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "एकदाच करू? आळीच्या तोंडापर्यंत मागे जाते आणि एकदाच त्यांच्यासारखी आणते. एकदाने काय होतंय?"

भिकूला ते हवं होतं. जन्मात काही हवं नव्हतं इतकं हवं होतं. पण हाताला काय कळतं आणि किती लवकर कळतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकदा केलं की तो पुन्हा शिकणार. घरातून योगिता धावत येत होती, तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"नको, पोरी," तो म्हणाला. आणि मग पट्टा लावलेल्या अवस्थेतच, अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, भिकू तांडेल मुलासाठी रडला.